बिघाड कळतो, पण कुणी बोलत नाही

प्रश्न : वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी पाळीप्रमुख आहे. यंत्रातील बिघाड कामगारांना आधी कळतो, पण बैठकीत ते गप्प राहतात. काय करावे?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गप्प बसणे हा बहुधा स्वभाव नसून, मागच्या वेळी बोलणाऱ्याचे काय झाले यावरून काढलेला हिशेब असतो. हार्वर्ड विद्यापीठातील व्यवस्थापनाच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या पाहणीत चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून वाईट बातमी ऐकताना चढणारा आपला पारा आधी ओळखावा, 'कुणी केले?' ऐवजी 'कधीपासून होते आहे?' असे विचारावे आणि तक्रारीचे पुढे काय झाले, हे त्याच माणसाला कळवावे; सूचनापेटी लावून (ती बहुतेक ठिकाणी धूळच खाते) हे साधत नाही.