किट कारच्या टाकीत पेट्रोल भरताना उलटं उसळतं. फिलर पाइप मोठा करू का?

तुम्ही लिहिलंय की लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची गाडी घरीच बांधली आहे, चाळीस लिटरची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे आहे. ट्रेलरवरून पंपावर नेली तर नोझल दर दोन सेकंदांनी कट होतं, कॅनमधून ओतलं तर पेट्रोल तोंडाशी उसळतं, आणि वळण घेतलं की मागून वास येतो.

फिलर पाइप दोन इंची असेल तर त्याला हात लावू नका. आपल्याकडे तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना कोणी एकच भोक पाडून थांबत नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडतात. नाहीतर तेल गटगट करत, ओट्यावर सांडत बाहेर येतं. तुमच्या टाकीत तेच उलट्या बाजूनं चाललंय. पेट्रोल आत जातंय तेवढी हवा बाहेर यायला हवी, आणि तिला वाट एकच, तुमचा फिलर पाइप. ती पेट्रोलला ढकलत वर येते. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहताना त्या भोकातून हवा ओढली जाते. पेट्रोलनं किंवा फेसानं ते भोक झाकलं की आत ओढ वाढते, पडदा सरकतो आणि नोझल बंद. म्हणजे नोझल बिचारं बरोबरच वागतंय, त्याला टाकी भरल्यासारखीच वाटते.

म्हणून टाकीच्या माथ्यापासून फिलरच्या गळ्यापर्यंत, झाकणाच्या जरा खाली, १२ ते १६ मिमीची वेगळी नळी घ्या. भरताना हवा तिच्यातून वर येईल. फिलर पाइपही तोंडापासून टाकीपर्यंत सतत उतरता हवा. मध्ये झोळ पडला की तिथे पेट्रोल साचतं आणि परत तेच.

आता एक बारकावा, जो मला दुसरी टाकी करताना कळला. या हवेच्या नळीचं टाकीतलं टोक माथ्याशी सपाट ठेवू नका, २५-३० मिमी आत उतरवा. पेट्रोलची पातळी त्या टोकाला टेकली की हवेची वाट बंद, पेट्रोल गळ्यात चढतं, नोझल कट. वर जी जागा उरते ती मुद्दाम ठेवायची. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. सकाळी जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल चाळीस लिटर भरलं आणि मेच्या दुपारी गाडी उन्हात वीस अंश तापली, तर पाऊण लिटरच्या आसपास जास्तीचं पेट्रोल कुठे जाणार? म्हणून दोन-तीन लिटरची मोकळी जागा हवीच. अर्थात पंपावरचा पोरगा कट झाल्यावरही ‘साहेब, राउंड फिगर करू?’ म्हणत आणखी शंभराचं कोंबतो, त्याला आधीच हात दाखवा.

दुसरी नळी ब्रीदरची, चालत्या गाडीसाठी. इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत शिरायला हवी. ही वाट बंद असेल तर अर्ध्या तासानं गाडी दम तोडते, झाकण उघडलं की ‘स्सस’ आवाज येतो आणि पुन्हा नीट चालते. पातळ पत्र्याची टाकी तर आत चेपतेसुद्धा. यासाठी ६ ते ८ मिमीची नळी पुरे, पण टाकीच्या तोंडाशी दीड-दोन मिमीचं अरुंद भोक ठेवा. नाहीतर भरताना हवा हळूहळू इथूनच सटकते आणि वर सांगितलेली मोकळी जागाही पेट्रोलनं भरते.

वास आणि वळणाचं कोडं याच ब्रीदरपाशी आहे, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. पुण्यात धायरीच्या शेडमध्ये पहिली गाडी बांधली तेव्हा ब्रीदर टाकीच्या उजव्या कडेला बसवला आणि नळी तिथूनच सरळ खाली सोडली. डावीकडे गोल गोल फिरवली की पेट्रोल उजव्या कडेला चढायचं, नळी भरायची. आणि एकदा नळी भरली, टोक टाकीतल्या पातळीच्या खाली असलं, की सायफन सुरू. गाडी उभी केली तरी थेंब थांबेनात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली थाळीएवढं पेट्रोल, आणि चार हातांवर कोणाचा तरी इन्व्हर्टर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. त्या रात्री चेअरमनकाकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर ब्रीदर टाकीच्या माथ्यावर शक्यतो मधोमध घ्या. कडेलाच निघत असेल तर नळी आधी फिलरच्या झाकणापेक्षा वर न्या, तिथून आडवी समोरच्या बाजूला, मग खाली फरशीखाली, सायलेन्सरपासून लांब. गाडी कुठल्याही कुशीवर कलंडली तरी एक टोक पेट्रोलच्या वर राहतं. पूर्ण उलटली तर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे रोलओव्हर व्हॉल्व्ह लागतो. त्यातली गोळी गाडी उलटताच वाट बंद करते. सेव्हनसारख्या उघड्या गाडीत हा व्हॉल्व्ह मी ऐच्छिक मानत नाही. वास साफ घालवायचा असेल तर शेवटी चारकोल कॅनिस्टर, म्हणजे कोळशानं भरलेला डबा जोडा. तो वाफ धरतो आणि इंजिन चालू असताना परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडतो. पण त्यात पातळ पेट्रोल शिरलं तर तो कामातून गेला, म्हणून आधी नळ्यांचं नीट करा.

होजबद्दल कंजुषी नको. कूलंटच्या निळ्या सिलिकॉन होजचा तुकडा फिलरला लावलेला मी तीन गाड्यांवर पाहिलाय. पेट्रोल त्यातून झिरपतं आणि तो फुगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर आणखी लवकर कुजतं. बारीक नळ्यांना जे३०आर९ (इंधनाच्या होजचं मानक) छापलेला होज घ्या, फिलरला पेट्रोलसाठीच बनवलेला. नाना पेठेत विचारलं तर मिळतो. जुन्या बाजारातून टाकीचं झाकण आणलंत तर मी काही म्हणणार नाही, होज आणू नका. आणि मधे रबर आल्यामुळे फिलरचा धातूचा गळा चॅसिसपासून तुटतो, तो तारेनं जोडून घ्या, स्थिर विजेची ठिणगी नको.

नवीन भोकं पाडायला टाकी काढाल तेव्हा एक ऐका. पेट्रोल पाहिलेल्या टाकीला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नका, ती महिनाभर रिकामी पडलेली असली तरी. हवेत दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत वाफ असली की ती पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच प्रमाण सापडतं. भोसरीत पत्र्याचं काम करणाऱ्याकडून नवी टाकी बनवून घेणं स्वस्त पडतं. पेट्रोल घालण्याआधी सगळी तोंडं बंद करा. एका तोंडाला पारदर्शक नळी यू आकारात जोडून तिच्यात पाणी घाला, आणि दुसरीकडून तोंडानं फुंकून दोन्ही बाजूंच्या पाण्यात वीतभर फरक पाडा. मग जोडांवर साबणाचं पाणी. कॉम्प्रेसर लावू नका, सपाट पत्रा क्षणात फुगतो.

गाडी खासगी आवारातच चालवताय हे बरंय. रस्त्यावर आणायची म्हटली तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुन्याची चाचणी आली, ती करणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहेच. आणि नोंदणी असलेल्या गाडीत असे बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

टाकीच्या माथ्याचा एक फोटो टाका. ब्रीदर कुठून निघतोय ते दिसलं की नळी कुठून न्यायची ते नेमकं सांगता येईल.