लिपिड, लेप आणि लिव्हर

प्रश्न आला आहे तो असा: रक्ततपासणीत 'लिपिड प्रोफाइल' असतं (लिपिड म्हणजे शरीरातल्या, पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या द्रव्यांचं एक कुळ), त्याला मराठीत 'चरबीची तपासणी' म्हणावं का? लिपिड, मेद, चरबी, वसा, स्निग्ध पदार्थ हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आणि लिपिड तो, ती की ते?

पहिल्याचं उत्तर: म्हणू नये. 'रक्तातली चरबी वाढली' हे वाक्य आरोग्यविषयक लेखांत आणि बातम्यांत इतक्यांदा वाचावं लागतं की आता त्याचा मनापासून राग येतो. चरबी रक्तात वाहत नाही. चरबी ही ऊती आहे, त्वचेखाली आणि पोटातल्या अवयवांभोवती साठणारी. शब्द फारसी, 'चर्ब' म्हणजे ओशट, त्यावरून चरबी. मराठीत आल्यावर मात्र त्याला माज येऊन चिकटला. 'चरबी चढली आहे', 'चरबी उतरवतो तुझी' असं आपण म्हणतो तेव्हा बोट माणसाच्या वागण्याकडे असतं. रुग्णाला 'तुमच्या रक्तात चरबी आहे' असं सांगितलं की त्याला आजाराच्या आधी आरोप ऐकू येतो. बऱ्याचदा तो आरोप खोटाही असतो. साधारण दर २५० माणसांत एकाला वंशपरंपरेनं एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एक प्रकारचे कण) जास्त असतं, अगदी जन्मापासून, अंगकाठी कितीही सडसडीत असली तरी. या विकाराच्या मुळाशी यकृतपेशींवरच्या ग्राहकाचा, म्हणजे हे कण पकडून आत घेणाऱ्या 'रिसेप्टर'चा, दोष असतो हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवलं आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. चरबी चढण्याशी त्याचा काय संबंध?

बाकीच्या शब्दांचे उघड अर्थ कोशांत आहेत, ते इथे उतरवत नाही. 'वसा'बद्दल मात्र बोलायलाच हवं. संस्कृतात वसा म्हणजे प्राणिज स्नेह, आणि चरकानं सांगितलेल्या चार स्नेहांत तूप, तेल आणि मज्जेबरोबर ती आहे, हे खरं. पण जिवंत मराठीत वसा म्हणजे घेतलेलं व्रत, जे टाकायचं नसतं. पाकिटांवर आणि जाहिरातींत दिसणारा 'कमी वसा' हा हिंदी मजकूर लिप्यंतर करून मराठी म्हणून चिकटवलेला असतो. तो मराठी नाही.

आता तपासणीचा कागद समोर धरा. त्यावर मुख्यतः चार ओळी असतात: एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. यातलं मेद म्हणावं असं एकच, ट्रायग्लिसराइड. कोलेस्टेरॉल मेद नाहीच, रसायनशास्त्राच्या हिशेबानं ते अल्कोहोल आहे. पित्ताशयातल्या खड्यांमधल्या या पदार्थाला फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८१५ च्या सुमारास 'कोलेस्टेरिन' म्हटलं, 'खोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरेओस' म्हणजे घट्ट. पुढे १८५९ साली बेर्तलो यांनी ते अल्कोहोल असल्याचं दाखवलं, म्हणून शेवटी 'ऑल' आला. हे 'खोले' पिवळा-हिरवा रंग दाखवणाऱ्या त्याच प्राचीन धातूतून, म्हणजे शब्दमुळातून, आलं आहे ज्यातून आपलं 'हरि', 'हरित', 'हरिद्रा' आणि अखेर 'हळद' आली. तेव्हा कोलेस्टेरॉल हे हळदीचं लांबचं नातेवाईक आहे, चरबीचं नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते लिपिडबद्दल.

हा शब्द परका वाटतो म्हणून लोक त्याला प्रतिशब्द शोधतात. १९२३ साली फ्रान्समध्ये गाब्रिएल बेर्त्राँ यांनी ग्रीक 'लिपोस' या शब्दावरून तो घडवला. लिपोस म्हणजे स्निग्ध द्रव्य. आणि हे लिपोस ज्या मूळ धातूतून आलं, तोच आपला 'लिप्'. लिम्पति, लेप, लेपन, विलेपन, लिंपणं, लिप्त, अलिप्त ही सगळी एका घरची भावंडं, आणि लिपिड हे त्यांचं ग्रीक चुलतभावंड. धातूचा मूळ अर्थ माखणं, चिकटणं. (कोणी यात 'लिप्सा' आणू नका. ती 'लभ्'ची मुलगी आहे, मिळवण्याची इच्छा. तिचा माखण्याशी संबंध नाही.)

या धातूची जर्मानिक शाखा तर फारच सुंदर आहे. चिकटणं म्हणजे जागा न सोडणं, जागा न सोडणं म्हणजे टिकून राहणं, टिकून राहणं म्हणजे जगणं. या पायऱ्यांनी त्याच धातूतून जर्मन 'ब्लायबेन' म्हणजे राहणं आणि 'लेबेन' म्हणजे जगणं आलं, आणि इंग्रजी 'लाइफ'ही. लाइफ आणि लिपिड एका आजीची नातवंडं! हे मला प्रथम कळलं तेव्हापासून लिपिडला चरबी म्हणणं मला अपमान वाटतं.

व्युत्पत्ती जुळते म्हणून अर्थ जुळलाच पाहिजे असं नसतं, हे मला ठाऊक आहे. इथे तो जुळतो, आणि जुळवला आहे प्रयोगशाळेनं. १९२५ साली लायडनमध्ये गोर्टर आणि ग्रेंडल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतली सगळी लिपिडं ॲसिटोननं काढून घेतली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक रेणू जाडीच्या थरात पसरवली. थरानं व्यापलेलं क्षेत्रफळ मोजलं आणि त्या पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिलं. ते दुप्पट भरलं. म्हणजे प्रत्येक पेशीला लिपिडांचा दुहेरी लेप आहे. पुढे कळलं की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. ॲसिटोननं सगळी लिपिडं निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि निष्कर्ष बरोबर आला. तो लेप जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा आहे, भिंतीवरच्या लिंपणासारखा आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारा. तो नसता तर पेशी नावाची वस्तूच नसती.

फुप्फुसांकडे बघा. वायुकोशांच्या आतल्या पृष्ठभागावर लिपिडांचा पातळ थर असतो, त्यानं पृष्ठताण कमी होतो आणि श्वास सोडल्यावर कोश मिटून बसत नाहीत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचं कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली शोधलं: हा लेप तयार झालेला नसतो. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी तो बाहेरून देऊन बाळं वाचवली. डोळ्यातल्या अश्रूंवरही सगळ्यात वर लिपिडांचा थर असतो. तो बिघडला की पाणी उडून जातं आणि डोळे कोरडे पडतात. त्वचेच्या वरच्या थरात सेरामाइडं नावाची लिपिडं असतात, ती घटली की त्वचा पाणी धरत नाही. आणि २०२० साली एमआरएनए लशी आल्या, त्यांतला नाजूक रेणू पेशीपर्यंत सुखरूप पोचला तोही लिपिडांच्या सूक्ष्म कणात गुंडाळून. दर ठिकाणी 'लिप्' या धातूचा अर्थ जसाच्या तसा उभा आहे. चरबी या शब्दातून यातलं काही कळतं का?

आता माझं एक आवडतं मत, ज्यावर अनेक व्युत्पत्तिकार नाकं मुरडतात. इंग्रजी 'लिव्हर' हाही याच धातूतला, असं जुनं अनुमान आहे. लिव्हर म्हणजे मूळचा 'स्निग्ध अवयव'. सावध कोशकार त्यापुढे 'व्युत्पत्ती अनिश्चित' असं लिहून मोकळे होतात. मला ही सावधगिरी पटत नाही. यकृताला संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांच्यात एकाच मुळाचा शब्द आहे: यकृत्, इएकुर, हेपार. जर्मानिक भाषांनी तो टाकून नवा घेतला, तर तसं करायला काही कारण हवं. शेजारी पाहिलं तर लॅटिनमधून निघालेल्या भाषांनीही हेच केलेलं दिसतं. फ्रेंच 'फ्वा', इटालियन 'फेगातो', स्पॅनिश 'इगादो' हे तिन्ही 'फिकातुम'पासून आले, म्हणजे अंजिरं चारून पुष्ट केलेल्या पक्ष्याचं यकृत. तिथे माखलेल्या, तुपकट यकृतावरून साऱ्या यकृताला नाव पडलं हे सगळे मान्य करतात. मग त्याच खंडातल्या दुसऱ्या भाषाकुळात तसंच झालं म्हटलं की एवढा संकोच का? माझ्यापुरतं लिव्हर म्हणजे स्निग्ध, आणि 'फॅटी लिव्हर' ही द्विरुक्ती.

त्या नावाचंही सांगितलं पाहिजे. २०२३ च्या जूनमध्ये यकृतावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज' हे नाव रद्द केलं. 'फॅटी' आणि 'अल्कोहोलिक' हे दोन्ही शब्द रुग्णाला कलंक लावतात हे त्यामागचं एक मोठं कारण. नव्या नावात 'स्टिॲटोटिक' आहे, ग्रीक 'स्टिॲर' म्हणजे घट्ट चरबी, आणि जोडीला चयापचयाच्या बिघाडाचा उल्लेख. आजाराचं कारण नावात आलं, टोमणा गेला. फार चांगलं केलं. आपण मात्र अजून 'यकृताला चरबी' असं छापतो आहोत.

लिपीबद्दल कोणी विचारलेलं नाही, पण लिप् म्हटलं की ती येणारच. अभ्यासक सांगतात की 'लिपी' लिप्पासून आलेली नाही, ती जुन्या इराणी 'दिपि'पासून आली. पुरावा म्हणून अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा इथले शिलालेख दाखवतात, तिथे खरंच 'दिपि' आहे. मान्य. पण गिरनारच्या शिलालेखात 'लिपि' आहे, आणि पाणिनीच्या एकाच सूत्रात 'लिपि' आणि 'लिबि' दोन्ही आहेत. 'द'चा 'ल' आपोआप झाला असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, बोलणाऱ्यांच्या कानात 'लिम्पति' घुमत नसता तर तो झाला असता का? शब्द बाहेरून आला असेल, त्याला मराठीपर्यंत आणणारं रूप लिप्नंच दिलं. उसना शब्द म्हणून लिप्चं नाव खोडून टाकणं हे अर्धंच संशोधन आहे.

परिभाषा घडवणाऱ्या मंडळींशीही माझं भांडण आहे. लिपिडसाठी ते सरसकट 'मेद' किंवा 'स्निग्ध पदार्थ' देतात. मेद हा शब्द मला प्रिय आहे. तो 'मिद्' म्हणजे स्निग्ध होणं, माया करणं या धातूतला. 'मित्र' शब्दाच्या व्युत्पत्ती देताना निरुक्तकार यास्कानं एक पर्याय याच धातूचा दिला आहे. स्नेह म्हणजे तेलही आणि प्रेमही, तसंच हे. पण लिपिडांचं कुळ मेदाहून किती तरी मोठं आहे. २००५ साली 'लिपिड मॅप्स' या गटानं लिपिडांचे आठ वर्ग केले. त्यांत मेदाम्लं आहेत, ट्रायग्लिसराइडं आहेत, तशीच इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं आहेत, ड जीवनसत्त्व आहे. ड जीवनसत्त्वाला स्निग्ध पदार्थ म्हणणार का? मेंदूतल्या एका लिपिडाच्या गाभ्याला थुडिकम यांनी १८८४ साली 'स्फिंगोसिन' म्हटलं, कोडं घालणाऱ्या स्फिंक्सवरून, कारण त्याचं काम काय हे उलगडत नव्हतं. गोशे आणि टे-सॅक्स हे आनुवंशिक आजार याच कुळातल्या लिपिडांचा निचरा न झाल्यानं होतात. एवढ्या विस्ताराला 'मेद' पुरत नाही. लिपिडच ठेवावं, ते आपलंच आहे.

जाता जाता 'चांगलं' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल. हा प्रयोग बंद व्हावा असं मला कळकळीनं वाटतं. एलडीएल आणि एचडीएल हे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण आहेत. दोहोंतला कोलेस्टेरॉलचा रेणू अगदी तोच. विशेषण चुकीच्या नामाला लागलं आणि त्यावर औषधं बेतली गेली. एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबची सुमारे १५,००० रुग्णांवर चाचणी झाली. एचडीएल सत्तर टक्क्यांहून अधिक वाढलं, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यूही जास्त झाले. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवली. २०१२ साली जनुकीय अभ्यासानं दाखवलं की जन्मतः एचडीएल थोडं जास्त ठेवणाऱ्या जनुकभेदानं हृदयविकाराचा झटका टळत नाही. उलट पीसीएसके९ या जनुकातल्या दोषानं ज्यांचं एलडीएल जन्मभर कमी राहिलं, त्यांना हृदयविकार खूपच कमी होतो, हे कोहेन आणि हॉब्ज यांनी २००६ साली दाखवलं, आणि त्यावरून निघालेली औषधं २०१५ पासून वापरात आहेत. म्हणून 'एलडीएल जास्त आहे' एवढंच म्हणावं. ते अचूकही आहे आणि आखूडही.

राहिलं लिंग. प्रथिन, जीवनसत्त्व, मेदाम्ल यांच्या पंगतीला बसणारा शब्द आहे, तेव्हा नपुंसकलिंगी: ते लिपिड, ती लिपिडं, लिपिडांचं. 'लिपिड्स' लिहायची गरज नाही. आणि 'लिपिड प्रोफाइल'ला 'लिपिड तपासणी' म्हणा.