धावण्याचे व्हिडिओ सुरू करताना

व्हिडिओ सुरू करण्याचा तुमचा विचार स्वागतार्ह आहे, मात्र नवा कॅमेरा इतक्यात घेऊ नका. प्रेक्षक वेगासाठी थांबत नाहीत. धावणाऱ्याचे पुढे काय होणार, या उत्सुकतेपोटी थांबतात. ब्रिटनचा धावपटू रस कुक एप्रिल 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरून धावत निघाला आणि 352 दिवसांनी, 7 एप्रिल 2024 रोजी, ट्युनिशियाच्या उत्तर टोकाला पोहोचला. लोक त्याच्याशी जोडले गेले ते केवळ अंतरामुळे नव्हे, तर लुटले जाणे, पाठदुखी आणि अल्जीरियाच्या व्हिसाची अडचण हे सारे त्याने प्रेक्षकांपासून लपवले नाही म्हणून. तुमच्यासाठी मुंबई मॅरेथॉनमधील परतीचा पेडर रोडचा चढ पुरेसा आहे. तिथे पाय जड झाले असतील, तर तसेच सांगा.

सुरुवातीला बहुतेकांच्या हातून होणाऱ्या चुका अशा:

- वाऱ्याच्या घोंगावण्यात बोलणे हरवते. चित्र थोडे हलले तरी चालते, आवाज मात्र स्वच्छ हवा. म्हणून माइकवर फोमचे आवरण लावा.
- पहिला मिनिट नमस्कार-चमत्कारात जातो.
- शर्यतीच्या गर्दीत अचानक थांबून चित्रण केले जाते. हे धोक्याचे आहे, आणि मागून येणाऱ्यांचे शेलके शब्द ध्वनिमुद्रित होतात ते वेगळेच.
- फुकट मिळालेल्या बुटांची स्तुती करताना ते फुकट मिळाल्याचे सांगितले जात नाही.

ड्रोन आणि रंगसंस्करण (चित्रातले रंग नंतर सुधारणे) यांचा विचार दहा-बारा व्हिडिओ झाल्यावर करू.