ओटीपी न देता पैसे गेले असतील तर आधी लेखी पोच घ्या

ताई, तुमच्या वडिलांच्या सहकारी बँकेतल्या खात्यातून शनिवारी रात्री १८ हजार गेले, त्यांनी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही आणि शाखेत नुसतं "बघतो" म्हणाले, हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी माझं अगदी हेच झालं होतं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला असेल, मोबाइल बँकिंग बंद केलं असेल असं धरून चालते. केलं नसेल तर हे वाचणं सोडा, आधी ते करा.

माझी चूक सांगते, कारण तुम्हीही त्याच वाटेवर आहात. मी तोंडी सांगून घरी आले. सोमवारी शाखा उघडायच्या आधीच दारात उभी होते. काउंटरवरच्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतलं, पैसे भरायच्या एका जुन्या स्लिपच्या मागे माझा खाते क्रमांक आणि रक्कम लिहिली, ती स्टेपलरखाली दाबून ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब मीटिंगला गेलेत, आले की देते." बुधवारी साहेब भेटले. आमचं यूपीआय दुसऱ्या बँकेमार्फत चालतं, त्यांना कळवलंय, म्हणाले. लहान सहकारी बँकांत खरंच अशी सोय असते, पण तो त्यांचा आपसातला मामला. खातं त्यांच्याकडे, तर उत्तरही त्यांनीच द्यायचं. मी मात्र गप्प बसले आणि लेखी अर्ज दिला तो त्याच्या पुढच्या बुधवारी. मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: तक्रार सात कामकाजाच्या दिवसांनंतर प्राप्त. त्या स्लिपबद्दल विचारलं तर शाखेत कुणालाच आठवेना. २६ हजारांपैकी एक रुपया परत आला नाही. इतकी वर्षं सभासद असलेल्या माणसाला ही वागणूक, याचा राग अजून गेलेला नाही.

दिवस एवढे महत्त्वाचे का, ते सांगते. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १४ डिसेंबर २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात असं ठरवलं होतं. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा भार. त्यानंतर बँकेचं धोरण म्हणेल तसं. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही आणि कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेचे मोजायचे. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची, ९० दिवसांत निकाल लावायचा आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्धही बँकेनेच करायचं. वडिलांनी खरंच कुठे ओटीपी किंवा पिन दिला असेल तर गणित बदलतं, तेव्हा त्यांना न रागावता नीट विचारून घ्या.

म्हणून उद्याच अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक, चारही हवेत. "साहेब नाहीत" म्हणाले तरी आवक विभाग असतोच. शिक्का देत नसतील तर तिथेच बसून मुख्य कार्यालयाला ईमेल करा आणि स्पीड पोस्टही टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत, पण सगळ्याच सहकारी बँका लोकपाल योजनेत येत नाहीत, आपली येते का ते आधी पाहा.

मी वकील नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा एकदा ताजं परिपत्रक बघून घ्या. आणि हे सगळं सहकारी बँकेपुरतं. पतसंस्था असेल तर ती रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, पाच लाखांचा ठेव विमाही तिथे नसतो, दाद मागायची ती सहकार खात्याच्या निबंधकांकडे.

जाताजाता, वडिलांचा खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातात. मी तर आता यूपीआयला वेगळं खातं जोडलंय, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवते.

अर्जात मेसेज आल्याची वेळ मिनिटासकट लिहा, व्यवहार क्रमांक टाका आणि १९३० वरून मिळालेला तक्रार क्रमांकही. आवक क्रमांक मिळाला की इथे सांगा, दहा दिवसांनंतर द्यायच्या स्मरणपत्राचा मसुदा मी देते.