आधी हिशेब वाचायला शिक, कलमं नंतर

अगं, तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. इन्सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे दिवाळखोरी-नादारीच्या प्रॅक्टिसमध्ये यायचं म्हणतेस, पण त्यासाठी मुंबईच गाठावी लागेल का, असा तुझा प्रश्न. एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं बेंच मुंबईत आहे, विदर्भातल्या कंपनीची फाईलही तिकडेच जाते, हे खरंच आहे. तरी माझं ऐकशील तर सुरुवातीची काही वर्षं नागपुरातच काढ. तिकडच्या मोठ्या ऑफिसात ज्युनिअरच्या हाती फाईलचा एक तुकडा येतो, इथं कर्जात बुडालेला माणूसच तुझ्यासमोर खुर्चीवर येऊन बसतो, आणि हे काम त्याच्याकडूनच शिकायचं असतं.

इतवारीतले एक कापडाचे व्यापारी आले होते, सोबत बायको अन् मोठा मुलगा. दुकानाचीच प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली, गाठ मारलेली, आत बँकेची पाकिटं आणि त्यातली निम्मी फोडलेलीसुद्धा नाहीत. आम्ही एकेक पाकीट फोडलं, तारखेप्रमाणे टेबलावर लावत गेलो तेव्हा कळलं की सरफेसीची, म्हणजे बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, कलम १३(२) ची ‘पैसे भरा’ अशी नोटीस येऊन ६० दिवस केव्हाच उलटून गेलेत. त्या मुदतीत लेखी आक्षेप दिला असता तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागलं असतं, सेटलमेंटचं बोलणंही सुरू झालं असतं. नशीब की ताबा नोटीस लागून ४५ दिवस व्हायचे होते, म्हणून इथल्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, त्याच कायद्याच्या कलम १७ चा अर्ज तरी करता आला. पाकिटं का नाही फोडली असं त्यांना विचारायचं नाही बरं का, तू पण कोणाला विचारू नको, माणूस आधीच मेल्याहून मेला झालेला असतो.

आणखी एक, बँकेचं कर्ज सगळे सांगतात पण हातउसने अन् सावकाराचे पैसे पहिल्या भेटीत कोणीच सांगत नाही, आणि मेव्हण्याने गॅरंटी दिली आहे हे तर बायकोसमोर हमखास लपवतात. म्हणून थोडा वेळ त्या माणसाशी एकट्याशी बोल. पूर्ण आकडा कळल्याशिवाय सल्ला देऊ नको, अर्ध्या आकड्यावर दिलेला सल्ला त्याला अजून खड्ड्यात घालतो.

कलमं पाठ करून राहिली आहेस हे चांगलंच आहे, पण बॅलन्स शीट वाचता येते का? सीएची मुलं जे शिकतात त्यातलं निदान एवढं शीक की हप्ता कधी थकला, खातं एनपीए (थकीत) कधी झालं, कोणत्या वर्षाच्या ताळेबंदात ते कर्ज कबूल केलंय. कारण लिमिटेशन, म्हणजे दावा करायची मुदत, ३ वर्षांची, मुदतीत कर्ज लेखी कबूल केलं की ती नव्याने सुरू होते, आणि बॅलन्स शीटमधली नोंद ही कर्जाची कबुली ठरू शकते असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय, म्हणजे अख्खी केस कधीकधी त्या एका ओळीवर उभी असते. हिंगण्याच्या एमआयडीसीतला छोटा सप्लायर येईल आणि म्हणेल, मॅडम, पार्टी पैसे देत नाही, आयबीसी लावा. त्या नवीन दिवाळखोरी कोडखाली मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी झाली आहे हे त्याला पहिल्याच भेटीत सांग. आणि रक्कम बसत असली तरी त्याचे जुने ईमेल सगळे मागून घे, कारण डिमांड नोटीसच्या आधी समोरच्याने मालाच्या क्वालिटीबद्दल खरीखुरी तक्रार केलेली असेल तर आयबीसीच्या कलम ९ चा अर्ज टिकत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा मोबिलॉक्सचा निकाल त्यासाठी मुळातून वाच.

सामान्य माणसाच्या नादारीला मात्र आपल्याकडे अजून १९२० चाच कायदा लागतो, प्रोव्हिन्शिअल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, अर्ज जिल्हा न्यायालयात, आणि कर्जाची किमान रक्कम काय तर ५०० रुपये! नवीन कोडचा तो भाग फक्त कंपन्यांच्या पर्सनल गॅरंटरपुरता, म्हणजे कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्यांपुरता, डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला. शिक्षक, रिक्षावाला, किराणावाला अजून त्या जुन्या कायद्यातच अडकलाय याचा मला मनापासून राग येतो. त्यात घर बँकेकडे गहाण असेल तर नादारी घेऊनही ते वाचत नाही, हे क्लायंटला स्पष्ट सांग, खोटी आशा लावू नको.

पैसा मिळेल का असंही विचारलंस. मिळतो, पण उशिरा, बुडालेल्या माणसाकडे फी कुठून येणार? कायद्याच्या कामात १० वर्षं झाली की परीक्षा देऊन इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल होता येतं, तेव्हा बघ. तोवर टिकायचं तर कामगारांचे क्लेम कर. बुटीबोरीतला कारखाना बंद पडून कंपनी इन्सॉल्व्हन्सीत गेली की पेपरात छोटी जाहीर सूचना येते, दावा द्यायची तारीख त्यातच असते, आणि कामगाराला त्याचा पत्ताच नसतो. कामगाराच्या दाव्याचा फॉर्म डी भरायचा, सोबत पगाराची स्लिप, नसेल तर पासबुकातल्या पगाराच्या नोंदी. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कोडच्या कलम ५३ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च भागला की लगेच कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीचा नंबर लागतो, बँकेच्या बरोबरीने, आणि पीएफचा पैसा तर त्या वाटणीत धरायचाच नसतो. घडी पडून फाटायला आलेली स्लिप खिशातून काढणाऱ्या माणसाला ‘तुमचा नंबर सरकारच्या आधी आहे’ असं सांगताना जे वाटतं ना, त्यासाठीच मी इतकी वर्षं या कामात आहे.

कर्ज बुडवणारा वेगळा आणि धंदा बुडालेला वेगळा, हे ओळखायला मात्र वेळ लागेल, पहिल्या प्रकारातलेही येतात, गोड बोलतात, मालमत्ता मुलाच्या नावावर करून आलेले असतात. त्यांना नाही म्हण.

सोमवारी ऑफिसला ये, अकराच्या आधी. असेच काही फॉर्म डी भरायचे आहेत, पासबुकं बघून महिन्यागणिक थकबाकी काढायची आहे, ते तूच कर, मग आपण सोबत तपासू.