सरकारी रुग्णालयांत उपचारांचा दर्जा नेमका कशाने सुधारतो?

नव्या इमारती झाल्या, यंत्रं आली, तरी सरकारी दवाखान्यात पेशंट का दगावतात आणि हे बदलायला काय करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये अधिपरिचारिका होते, त्यामुळे बाळंतपणाबद्दलच सांगते.

बाळंत झाल्यावर अंगावरून रक्त जास्त गेलं तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाते. किती गेलं हे आम्ही ठरवायचो कशावरून? चादर किती भिजली, टब किती भरला, यावरून. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली पसरून रक्त प्रत्यक्ष मोजलं. नजरेचा अंदाज त्यापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे ६०० मिली रक्त गेलेलं असतं आणि आपण ४०० समजून निर्धास्त असतो.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशीच पिशवी वापरून मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पिशवीत ठरलेल्या खुणेपर्यंत रक्त आलं की कुणाची वाट न बघता सगळे उपचार एकदमच सुरू करायचे: गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवणारं इंजेक्शन), ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्त थांबायला मदत करणारं औषध), सलाईन, आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी. एरवी आपण एक करून बघतो, थांबतो, मग दुसरं करतो, आणि त्यातच वेळ जातो. या पद्धतीने तीव्र रक्तस्राव आणि त्यातून होणारी मोठी ऑपरेशनं व मृत्यू मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. यातलं एकही औषध नवं नव्हतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की रात्री दोन वाजता डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंत सिस्टरने काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि ते करायचा अधिकारही तिला असतो.

अर्थात त्यासाठी औषध जागेवर हवं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उघड्या ट्रेमध्ये दिवसभर उन्हाळ्यात पडलेल्या इंजेक्शनच्या कुपीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि पैसा, माणसं नकोत असं मी मुळीच म्हणत नाहीये. रात्रपाळीला एकच सिस्टर आणि टेबलावर दोघी असतील, तर पिशवीकडे बघणार कोण? रिक्त पदं भरायलाच हवीत.

दुसरी गोष्ट मृत्यूनंतरची. माता मृत्यूची चौकशी आपल्याकडे होते, पण बैठकीला जाताना सिस्टरच्या मनात कारणे दाखवा नोटीसच असते. भीती असली की केस पेपर नंतर नीटनेटका करून ठेवला जातो आणि खरं कारण कधीच बाहेर येत नाही. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून वेगळा मार्ग धरला. बाईचं, डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव काढून टाकायचं आणि फक्त काय घडलं, कुठे उशीर झाला, हे तपासायचं. रक्तस्राव हे मोठं कारण दिसलं, म्हणून त्यावर उपचारांचे ठराविक निकष बसवले. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत (सरकारच्या जन्म-मृत्यूच्या पाहणीत) दर लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ होते. केरळचं शिक्षण, रस्ते, दवाखान्यांचं जाळं यांचाही त्यात वाटा आहेच. तरी आपल्यालाही ही पद्धत जमण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला स्वतः काही करायचं असेल तर तालुक्याच्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाच्या सोयींवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या) सदस्यांना भेटा आणि विचारा: लेबर रूममध्ये रक्त मोजतात का, फ्रीजच्या तापमानाची नोंद रोज होते का, बाळंतिणीला चढवायचं रक्त मिळायला रात्री किती वेळ लागतो, आणि रात्रपाळीला किती सिस्टर असतात. समितीच्या निधीतून रक्त मोजायच्या खुणा केलेल्या पिशव्या घेता येतील का, तेही विचारा.