सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या आधी कॅथलिक चर्चला आतून कुणी आव्हान दिलं होतं का?

हो, आणि त्याची किंमत जिवानिशी मोजली. यान हुस हा प्रागमधला धर्मगुरू, विद्यापीठातला प्राध्यापक. 1402 पासून तो बेथलेहेम चॅपलमध्ये लॅटिनऐवजी लोकांच्या चेक भाषेत प्रवचनं द्यायचा. चर्चवर टीका करणाऱ्या इंग्लंडच्या जॉन विक्लिफचे विचार त्याने वाचले होते, पण विक्लिफचं सगळंच त्याला मान्य नव्हतं. 1412 मध्ये पोपच्या युद्धासाठी पैसे उभे करायला प्रागमध्ये क्षमापत्रं (पापाच्या शिक्षेतून सूट देणारी चर्चची पत्रं) विकायला आली, तेव्हा त्याने उघड विरोध केला. राजाचा पाठिंबा तिथेच सुटला.

त्या काळी एकाच वेळी तीन पोप होते! तो घोळ निस्तरायला आजच्या जर्मनीतल्या कॉन्स्टन्स शहरात धर्मपरिषद भरली. सम्राट होऊ घातलेल्या सिगिस्मुंडने अभयपत्र दिलं, म्हणून हुस तिथे गेला. तरीही धर्मविरोधी शिकवण देतो या आरोपावरून त्याला कैदेत टाकलं. माझ्या मते हा उघड विश्वासघात होता. हुसचं म्हणणं साधं होतं: बायबलच्या आधारे माझी चूक दाखवा, मी माघार घेतो, पण जे मी कधी शिकवलंच नाही, ते 'सोडलं' असं कसं म्हणू?

6 जुलै 1415. सैतानांची चित्रं काढलेली कागदी टोपी डोक्यावर चढवून त्याला जिवंत जाळलं आणि राख ऱ्हाइन नदीत टाकली, अवशेष कुणी पुजू नयेत म्हणून.

बोहेमिया, म्हणजे प्रागभोवतीचा चेक प्रदेश, मात्र पेटून उठला. हुसच्या अनुयायांनी पाच धर्मयुद्धं परतवली आणि 1436 मध्ये सामान्य भाविकांनाही चर्चमधल्या प्रसादाचा द्राक्षारस (वाइन), जो तोवर फक्त धर्मगुरूच घेत, मिळावा, ही मागणी तहात मान्य करून घेतली.